खुलं पत्र : कागद जपणाऱ्या आप्पाकाकांना

ती. आप्पाकाका यांस,

तुमच्या 'बँकवाल्या' पुतणीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमच्या चारही मुलांनी वर्षातून एकदा तरी एका छताखाली यावं, असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत होतात. तुमची ती इच्छा फळाला आली आहे. दादा दादरहून येतो. ताई नाशिकहून पहाटेची गाडी पकडून येते. न्यू जर्सीच्या अण्णाचा मुखत्यार येतो आणि बाळला काकू हाताला धरून आणते. छत हायकोर्टाचं आहे, एवढं चालवून घ्या. चहा ज्याचा तो पितो.

या सगळ्याचं श्रेय निर्विवाद तुमचं, म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे. खाजगीत लिहून तुमचा मोठेपणा झाकून ठेवणं मला पटेना.

आधी तुमच्या शिस्तीबद्दल. सोसायटीचे खजिनदार म्हणून तुमचा दरारा केवढा! गणपतीच्या आरतीचा कापूर आणला तरी व्हाउचर, व्हाउचरवर दोन सह्या, आणि रक्कम जरा मोठी असेल तर रेव्हेन्यू स्टॅम्प. लाइट गेल्यावर मेणबत्ती आणणाऱ्या पोराला तुम्ही पावती मागितली होतीत, ही गोष्ट चाळीशी उलटलेला तो पोरगा अजून सांगतो. तुम्ही गेल्यावर तुमचं लोखंडी कपाट उघडलं. कुकरचं गॅरंटी कार्ड निघालं. त्या कुकरचं भांडं काकूने केव्हाच बोहारणीला दिलं आहे. बजाज स्कूटरच्या बुकिंगचं पत्र निघालं. स्कूटरही गेली आणि ती विकत घेणारेही गेले. लँडलाइनची बिलं वर्षवार, सुतळीने बांधलेली. ताईच्या लग्नातल्या आचाऱ्याचा हिशेब, त्यात 'जिलबी – परत' अशी नोंद आणि खाली आचाऱ्याची सही. कपाट रिकामं करायला आम्हाला अख्खी दुपार लागली. नेमका हवा तो कागद त्यात नव्हता.

मी मृत्युपत्राचा विषय काढला की तुमची तीन उत्तरं ठरलेली असायची. पहिलं, "अभद्र बोलू नकोस." दुसरं, "अजून धडधाकट आहे मी." आणि तिसरं, डोळे मिटून, देवासमोर बोलावं तसं, "माझ्या मुलांत भांडणं व्हायचीच नाहीत." बँकेत माझी सगळी नोकरी मयत खातेदारांच्या वारसांचे चेहरे बघण्यात गेली. त्यातला प्रत्येक खातेदार हेच म्हणून गेला असणार, असा माझा संशय आहे.

बरं, मृत्युपत्र केलं नाही म्हणजे तुमच्या मिळकतीची काही व्यवस्थाच झाली नाही, असंही नाही. तुमच्या वतीने ती संसदेने १९५६ सालीच करून ठेवली आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम ८. पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला की त्याच्या स्वतःच्या मिळकतीचे सारखे हिस्से पहिल्या वर्गाच्या वारसांत पडतात : विधवा, मुलगे, मुली आणि आई. आजी आधीच गेली, म्हणून राहिले पाच. काकू, दादा, अण्णा, ताई, बाळ. दादरचं घर पाचशे वीस चौरस फूट. प्रत्येकाला एकशे चार. म्हणजे काकूच्या वाट्याला स्वयंपाकघर आणि देवघराचा कोनाडा, दादाला सुनेसकट पुढची खोली, ताईला मोरी आणि तिच्यासमोरचा पॅसेज, आणि अण्णाला न्यू जर्सीत बसून ज्याची आठवण काढायची ती गॅलरी. बाळचं काय ते पुढे लिहिते.

हा कायदा वाईट नाही. उलट, तुमच्यापेक्षा न्यायी निघाला, कारण त्याने ताईला मोजलं. पण तो तुमच्या घरी कधी जेवायला आला नव्हता. तुमचा मधुमेह आणि काकूचा गुडघा वीस वर्षं दादाच्या बायकोने सांभाळला, हे त्याला माहीत नाही. अण्णाच्या शिक्षणासाठी तुम्ही ताईच्या नावची ठेव मोडली होतीत, हेही माहीत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही ते बरोबर घेऊन गेलात.

आता नॉमिनेशन. या बाबतीत तुम्ही फार उदार होतात. सोसायटीत दादाचं नाव, डीमॅट खात्यात अण्णाचं, मुदतठेवींवर ताईचं, पोस्टात काकूचं. प्रसाद वाटावा तसं प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवलंत आणि समजलात, झालं वाटप. मी किती वेळा सांगितलं की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा माणूस, मालक नव्हे. त्यावर तुम्ही म्हणालात, "फॉर्मवर माझी सही आहे, अजून काय पाहिजे?"

तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडराला विचारायला हवं होतं. त्या 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर २०१३ साली गेले. त्यांनी २०११ मध्ये रीतसर मृत्युपत्र केलेलं होतं. तरी त्यांच्या गुंतवणुकीवर ज्यांची नावं नॉमिनी म्हणून होती त्यांची मालकी चालणार की इतर वारसांचाही हक्क राहणार, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला : शेअर्सचा नॉमिनी हा मालक होत नाही, उत्तराधिकाराचा कायदा त्याच्यावरून उडी मारून जात नाही. बँकेच्या ठेवींचंही तेच. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते; नॉमिनी मात्र वारसांना हिशेब द्यायला बांधलेला राहतो. सोसायटीचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ साली जे कलम १५४ब-१३ आलं, त्यात नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घ्यायची सोय आहे. तात्पुरता, काका. खरे वारस ठरेपर्यंत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार-चार नॉमिनी लावायची सोय झाली आहे. तुम्ही असतात तर त्याच दिवशी रांगेत पहिले असतात.

परिणाम असा की ताईने ठेवीचे पैसे उचलले तेव्हा दादा म्हणाला, 'बघा, लांबवले.' दादाचं नाव सोसायटीच्या रजिस्टरला चढलं तेव्हा ताई म्हणाली, 'बघा, घर गिळलं.' अण्णाने फोनवर दोघांचीही समजूत घातली आणि शेअर्सबद्दल चकार शब्द काढला नाही.

आणि मग तो कागद सापडला. कपाटात नव्हताच, बँकेच्या लॉकरमध्ये, गौरीच्या मुखवट्यांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. वहीचं फाडलेलं पान, तुमचं मोत्यासारखं अक्षर. मजकूर असा : "दादरचे घर दादास. गावचे घर व कलमे अण्णास. ताईस योग्य ते द्यावे. बाळला सर्वांनी सांभाळावे." खाली तुमची सही आणि तारीख. त्याखाली 'साक्षीदार १', तळमजल्यावरच्या मास्तरांची सही. त्याखाली 'साक्षीदार २' आणि पुढे तुम्ही पट्टीने आखलेली ठिपक्यांची ओळ. कोरी.

कापराच्या व्हाउचरला दोन सह्या मागणारा माणूस.

दुसरी सही का घेतली नाहीत हे मास्तरांनीच सांगितलं. समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांना तुम्ही विचारणार होतात, पण 'त्यांना आपल्या घरातलं कळेल' म्हणून राहिलात. काका, साक्षीदाराने मृत्युपत्र वाचावंच लागत नाही. तुम्ही सही केलीत हे त्याने पाहायचं, किंवा 'ही सही माझी आहे' असं तुमच्या तोंडून ऐकायचं, आणि तुमच्यासमोर आपली सही करायची, इतकंच. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ तर इतकं सोशिक आहे की दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याचीही त्याची अट नाही. एकाची सही सोमवारी घ्या, दुसऱ्याची पुढल्या गुरुवारी, चालतं. वरचा मजकूर हाताने झाकून समोरची बेल वाजवायची होती. स्टॅम्पपेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही; केली तर बरी, आणि ती केव्हाही करता येते. हातानं लिहिलेलं चालतं, टाइप केलेलं चालतं, मराठीत चालतं. मृत्युकर तर १९८५ सालीच गेला. या देशात एवढे कमी कागद मागणारं दुसरं सरकारी काम मला माहीत नाही, आणि नेमकं तेच तुमच्या हातून अर्धवट राहिलं.

समजा, दुसरी सही असती. तरी 'योग्य ते' म्हणजे किती? दादाच्या मते योग्य ते म्हणजे काकूच्या पाटल्या. ताईच्या मते चौथा हिस्सा. अण्णाच्या मते ताईच्या लग्नात दिलं गेलं ते. ज्यातून देणाऱ्याचा नेमका हेतू कळत नाही असं दान अनिश्चिततेमुळे निरर्थक ठरतं, हेही त्याच कायद्यात, कलम ८९ मध्ये आहे. तेव्हा कलम ६३ मधून सुटला असतात तरी ताईपुरते ८९ मध्ये अडकला असतात.

हे वाक्य तुम्ही चुकून मोघम लिहिलंत, असं मला वाटत नाही. घर दादाला देतो असं ताईच्या तोंडावर सांगायची तुमची छाती नव्हती. दादाला तुम्ही म्हणायचात, "तुझंच आहे रे सगळं." दिवाळीला ताई आली की दारापर्यंत सोडायला जाऊन हळूच सांगायचात, "तुझंही आहे गं यात." अण्णाला फोनवर, "गावाकडचं तूच बघ." तिघांनीही तुमच्या तोंडून ऐकलेलं खरंच आहे. म्हणून तिघांचीही प्रतिज्ञापत्रं खरी आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. आयुष्यभर कुणाचा राग ओढवून घ्यायचा नाही, हे तुमचं धोरण होतं. तो सगळा राग तुम्ही मुलांच्या नावावर करून गेलात. एवढं एकच वाटप पूर्ण झालं.

तुमच्या बहिणीकडून काही शिकला असतात तर! आत्या विधवा, मूलबाळ नाही, शाळेतली नोकरी, स्वतःच्या पैशाने घेतलेलं डोंबिवलीचं दोन खोल्यांचं घर. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ सालच्या एका निकालाबद्दल तिने पेपरात वाचलं होतं. त्यातली बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, पैसे साठवले आणि मृत्युपत्र न करता गेली. ते सगळं कुणाला मिळालं? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कारण कलम १५ प्रमाणे मूलबाळ नसलेल्या विधवेने स्वतः मिळवलेलंही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं, तिचे आईबाप त्यांच्यानंतर. आत्याने पेपर घडी करून ठेवला, चष्मा पुसला आणि त्याच आठवड्यात दीड पान लिहून काढलं. एक साक्षीदार तिचे डॉक्टर. त्यांच्याकडून ती शुद्धीवर आणि समजुतीत असल्याचं पत्रही घेतलं. दुसऱ्या शेजारच्या बाई. घर कुणाला, ठेवी कुणाला, शाळेला किती, आणि शिवणयंत्र कामवाल्या मावशींना. ज्यांना काही मिळणार होतं त्यांना साक्षीला बसवलं नाही. शेवटी 'यात न लिहिलेलं जे काही उरेल ते अमुक हिला' असं एक वाक्य, त्यामुळे नंतर सापडलेल्या बचत पत्रांवरून कुणी भांडू शकलं नाही. एक्झिक्युटर म्हणून मला नेमलं आणि तसं आधी विचारलंही. तिचं सगळं काम तिच्या वर्षश्राद्धाच्या आत उरकलं. तुम्ही तिला 'फटकळ' म्हणायचात.

रतन टाटांचं उदाहरण तुम्हाला द्यायला हवं होतं, पण ते गेले २०२४ मध्ये आणि तुम्ही आधीच निघून गेला होतात. त्यांनी आपल्या टिटो नावाच्या कुत्र्याच्या सांभाळाचीही मृत्युपत्रात तजवीज केली, अशा बातम्या आल्या. त्या घरात कुत्र्याचं नाव लिहिलं गेलं. आपल्या घरात पोटच्या मुलाची सोय 'सर्वांनी सांभाळावे' या दोन शब्दांत लागली.

एक्झिक्युटर म्हटलं की तुम्ही टिळकांचं नाव पुढे करायचात. तुमच्या मित्राने तुम्हाला त्याच्या मृत्युपत्राचा एक्झिक्युटर व्हायची विनंती केली, तेव्हा तुम्ही त्याला ताई महाराज प्रकरण ऐकवलंत. इतिहास तुमचा पक्का होता, हे मान्य. पुण्याच्या बाबा महाराजांनी ७ ऑगस्ट १८९७ ला, मरणाच्या दिवशी मृत्युपत्र केलं आणि व्यवस्था बघणाऱ्यांत टिळकांना नेमलं; तेव्हा टिळक राजद्रोहाच्या खटल्यात नुकते जामिनावर सुटलेले. पुढे दत्तकावरून वाद, टिळकांवर खोटी साक्ष दिल्याचा आरोप, १९०३ मध्ये दीड वर्षाची शिक्षा, १९०४ मध्ये हायकोर्टात सुटका, आणि दत्तकाचा दिवाणी वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, १९१५ साली. सगळं खरं. पण टिळकांनी मित्राला शब्द दिला होता म्हणून ते अठरा वर्षं लढले. तुम्ही त्यातून 'नसती भानगड नको' एवढंच उचललंत. आणि मुळात बाबा महाराजांनी शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहिली होती, तो भाग सांगताना तुमचा आवाज नेहमी खाली यायचा.

तुमचं अर्धं खरं कारणही इथे नमूद करते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. "मुंबईत मृत्युपत्र केलं तरी प्रोबेट लागतंच, मग कशाला?" प्रोबेट म्हणजे कोर्टाने मृत्युपत्राच्या प्रतीवर शिक्का मारून सांगायचं की हे अमक्याचं खरं, शेवटचं मृत्युपत्र, आणि यात नेमलेल्या एक्झिक्युटरने त्याप्रमाणे कारभार करावा. मिळकत मुळात त्याची होती का, यात प्रोबेट कोर्ट पडत नाही. इंग्रजांच्या जुन्या इलाख्यांची शहरं म्हणून मुंबई, मद्रास आणि कलकत्ता इथे हिंदूंच्या मृत्युपत्राला ते सक्तीचं होतं. पुणेकराने पुण्यात, पुण्याच्या वाड्याबद्दल मृत्युपत्र केलं तर ती सक्ती नव्हती. वारसांना नोटिसा, हरकतीची वाट, कोर्ट फी, हे सगळं होतं, मी नाकारत नाही. पण मृत्युपत्र नसलं म्हणजे कोर्ट टळतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आता आम्हाला लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मृत्युपत्र नसताना कारभार बघायचा अधिकार, मागावं लागलं. त्याच इमारतीत, तशाच नोटिसा, तीच फी, वर प्रशासकाने द्यायचा बाँड. ताईने कॅव्हेट, म्हणजे हरकत, दाखल केल्यावर अर्जाचा दावा झाला. आणि तुमच्या माहितीसाठी, डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ती सक्ती करणारं कलम २१३ वगळून टाकलं. आता प्रोबेट हवं तर घ्यावं. तुमचं शेवटचं कारणही सरकारने काढून घेतलं.

गावाकडचं थोडक्यात सांगते, कारण तिथलं सगळं सांगायचं तर वेगळा ग्रंथ लागेल. सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे, त्यांच्या खाली इतर हक्कात एक अशी व्यक्ती आहे जी कोण हे कुणालाच माहीत नाही, आणि 'कलमे अण्णास' म्हणून तुम्ही जी दिलीत त्यातली निम्मी चुलत्यांच्या हिश्श्यात येतात. सामाईक मिळकतीत माणूस स्वतःच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करू शकतो. तालुक्याच्या कोर्टात वारस दाखल्याचा अर्ज केला आहे. तो कोणत्या कायद्याखाली मिळतो ठाऊक आहे? १८२७चं मुंबई रेग्युलेशन आठ. पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती. तुमच्या कपाटातल्या कागदांपेक्षा जुना कागद एवढा एकच भेटला.

मधल्या भाऊबीजेला दादाने ताईला ओवाळणीत पैठणी घातली आणि पैठणीच्या खोक्याखाली हक्कसोडपत्राचा मसुदा ठेवला. वकिलाने टाइप करून दिलेला, ताईच्या नावापुढे पेन्सिलीने फुली. ताईने पैठणी घेतली. मसुदा देवघरात ठेवला, त्यावर कुंकवाचा करंडा. म्हणाली, "आप्पांनी माझ्या कानात जे सांगितलं ते तुझ्या वकिलाला लिहायला सांग." तुम्ही बहुधा अजूनही म्हणत असाल, 'ताईचं लग्नात दिलं की!' महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये, आणि वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये पक्कं केलं. लग्नातली भांडी त्यातून वजा होत नाहीत.

आता बाळ.

बाळ त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याची समज सहा-सात वर्षांच्या मुलाएवढी, हे तुम्हाला मी सांगायला नको. संध्याकाळी तो गॅलरीत बसून जाणाऱ्या बेस्टच्या बसचे नंबर वहीत लिहितो. हायकोर्टाच्या व्हरांड्यात एका वकिलाने त्याला अगदी मायेने विचारलं, "तुमचा हिस्सा तुम्हाला पाहिजे ना?" बाळने विचार केला आणि म्हणाला, "डबल डेकर." त्याचा हिस्सा एक पंचमांश आहे. तो हक्क सोडू शकत नाही, विकू शकत नाही, सही करू शकत नाही. इतरांनी उद्या आपसात तडजोड केली तरी बाळच्या वतीने कोर्टाच्या देखरेखीशिवाय काही होत नाही. म्हणजे तुमच्या सगळ्या मिळकतीवर आज सर्वांत भक्कम कुलूप त्याचं आहे आणि त्याची किल्ली कुणाकडे नाही.

याच्यासाठी मी तुम्हाला ट्रस्ट करायला सांगितलं होतं. तुम्ही हसलात. "ट्रस्ट म्हणजे देवस्थान, शाळा, धर्मादाय आयुक्त. आपण काय साईबाबा आहोत?" तो सार्वजनिक विश्वस्त न्यास, काका, १९५०चा कायदा. मी बोलत होते तो खाजगी ट्रस्ट, १८८२चा भारतीय न्यास कायदा. त्यात देणारा एक, सांभाळणारे विश्वस्त दुसरे आणि ज्याच्यासाठी सांभाळायचं तो तिसरा. मिळकत विश्वस्तांच्या नावावर, पण उपभोग बाळचा. तुम्ही लिहू शकला असतात : बाळ जिवंत आहे तोवर दादरच्या घरात राहील, घर विकायचं नाही, ठेवींच्या व्याजातून त्याचा दवाखाना, त्याला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार आणि दर महिन्याला बसची एक सैर, विश्वस्त ताई, दादा आणि तिसरा कुणी घराबाहेरचा, म्हणजे दोघांचं पटलं नाही तरी तिसरा आहे, एक विश्वस्त गेला तर दुसरा कसा नेमायचा, आणि बाळनंतर उरेल ते भाच्या-पुतण्यांत सारखं. घर हयातीत ट्रस्टमध्ये घालायचं तर नोंदणी आणि मुद्रांक शुल्क लागलं असतं. ते जड वाटत होतं तर हाच ट्रस्ट मृत्युपत्रातून करता आला असता, त्याला स्टॅम्पही लागत नाही. दोन पानांत दादाला कळलं असतं की घर कुणाकुणाचं, ताईला कळलं असतं की तिला मोजलंय, आणि काकूला रात्री झोप लागली असती.

त्याऐवजी आम्ही १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीपुढे पालकत्वाचा अर्ज घेऊन उभे आहोत. आज पालक काकू. वय अठ्ठ्याहत्तर. तिच्यानंतर कोण, असं समितीने विचारलं तेव्हा दादाने ताईकडे पाहिलं, ताईने दादाकडे. पालकाला मिळकतीची यादी द्यावी लागते, दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. हिशेब म्हटल्यावर मला तुमची आठवण झाली. हे काम तुम्ही किती सुंदर केलं असतंत!

काकूचं एक सांगायचं राहिलं. तिने मागच्या महिन्यात स्वतःचं मृत्युपत्र केलं. मला बरोबर नेलं नाही, मुलांना सांगितलं नाही. समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ आणि त्यांची बायको, असे दोन साक्षीदार घेतले आणि दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदवूनही आली. तिचा पाचवा हिस्सा आणि पाटल्या बाळच्या ट्रस्टला, विश्वस्त तिघं. दादाने चिडून विचारलं, "शेजाऱ्यांना कशाला कळवलंस?" ती म्हणाली, "त्यांनी काही वाचलं नाही. चहा मात्र दोनदा घेतला."

तुमच्याकडे एक छोटं काम आहे. सातबाऱ्याच्या कागदांत तुमचं पाळण्यातलं नाव आहे, शेअर सर्टिफिकेटांवर शाळेतलं, सोसायटीच्या करारात नुसती आद्याक्षरं आणि आधार कार्डावर आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं. या चारही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र कोर्टाला हवं आहे. वारसांपैकी कुणीही एकाने करायचं म्हटलं की बाकीचे हरकत घेतात. अण्णाचं करायचं तर न्यू जर्सीत नोटरी, मग अपॉस्टील, मग इथे मुद्रांक, तोवर तारीख जाते. पुढची तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीनंतरची आहे. तुमची सही चालली असती, पण तुम्ही ती द्यायचे दिवस आधीच संपवलेत.

मोठ्यांना नमस्कार, आत्या भेटली तर तिला विशेष. तिची शिवणयंत्राची पावती माझ्याकडे आहे, मावशींची सही घेतलेली.

तुमची आज्ञाधारक पुतणी
(आत्याची एक्झिक्युटर, तुमची कुणीच नाही)